जयरामभाऊंची न घेतलेली बंदूक

आमचे शेजारी जयरामभाऊ गेली तीन वर्षं हातात काठी घेऊन फिरतात आणि त्या काठीचा आधार त्यांनी एकदाही घेतलेला नाही. चालताना ती काखेत असते. भाऊ थांबले की ती डाव्या खांद्याला लागते, उजवा डोळा मिटतो आणि काठीचं टोक समोरच्या माडाच्या शेंड्याकडे वळतं. एकदा तारकर्लीला निघालेल्या एका कुटुंबाने रस्ता विचारायला गाडी थांबवली आणि भाऊंनी नेमकी त्याच वेळी काठी खांद्याला लावली. रस्ता न विचारताच गाडी निघून गेली. पाहुणे लोक हल्ली फार घाईत असतात, असं भाऊ मला नंतर म्हणाले.

ती काठी म्हणजे भाऊंनी अजून न घेतलेल्या बंदुकीचं माप आहे. बंदूक म्हणजे तशी मोठी नव्हे. हवेच्या जोरावर छर्रा सोडणारी, परवाना लागत नाही अशी साधी एअरगन. पण कुठली घ्यायची हे ठरायचं होतं. एखादं मॉडेल मनात भरलं की भाऊ त्याच्या लांबीची काठी तोडायचे आणि ती घेऊन चार-आठ दिवस वावरून बघायचे. दारातून नीट वळते का, बाकावर बसून उचलता येते का, खुर्चीच्या हाताला अडते का. पहिली काठी माझ्या छातीला लागत होती. मग भाऊंचं मन आखूड बंदुकीकडे झुकत गेलं तशी काठीही उतरत गेली. सध्याची माझ्या कमरेच्या किंचित वर येते. टाकून दिलेल्या काठ्यांवर त्यांनी परसात पडवळ चढवलं आहे.

मी मालवणात शाळामास्तर आहे आणि मला वाट बघायचा मनापासून कंटाळा आहे. दुकानात शिरावं, पहिली दिसेल ती वस्तू घ्यावी आणि घरी येऊन बायकोची बोलणी खावीत, ही माझी पद्धत. अशा माणसाच्या शेजारी देवाने भाऊंना आणून ठेवलं. भाऊंनी तीस वर्षं कणकवलीला एसटीच्या आगारात भांडार सांभाळलं. हजारो सुटे भाग त्यांच्या हातून गेले, पण पारखल्याशिवाय आणि सही घेतल्याशिवाय एक नटही बाहेर गेला नाही. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी नग आहे. नारळ नग, छत्री नग, आमचा नवा सरपंचही नग. "नग बरो आसा, पण आपल्या कामाचो नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी माझ्या मोबाइलबद्दल म्हटलंय, माझ्या जावयाबद्दल म्हटलंय आणि एकदा माझ्याबद्दलही म्हटल्याचं मला बाहेरून कळलंय.

छत्री घेताना ते दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडतात. विळी घेताना घरून नारळाची कवड घेऊन जातात. लग्न ठरवायला मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. उठून परसात गेले आणि विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं मोजून आले. मुलीचे वडील घाबरले. लग्नाच्या आधी भाऊंनी आपल्या घरी विहिरीवरून थेट मोरीपर्यंत नळ आणवला, तेव्हा ती पावलं कशासाठी मोजली होती ते कळलं. ही हकिगत मला शालिनीवहिनींनीच सांगितली. हसत सांगितली, पण दोनदा सांगितली.

चार वर्षांपूर्वी वहिनींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा सुधारला, चार पायांची चौपायी काठी धरून त्या घरात फिरतात. उजवा हात मात्र मांडीवर पडलेला असतो. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे घरापुढचं खळं. सारवलेलं अंगण, कडेला चिऱ्याच्या दगडांचा बुटका गडगा, फणसाची सावली आणि सावलीत एक लाकडी बाक. तिथे बसून त्या डाव्या हाताने कोकमाची सोलं वाळत घालायच्या, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायच्या, आणि ज्याची चौकशी करता येत नाही त्याच्याबद्दल माझ्या बायकोला विचारायच्या. गावात कोणाकडे काय शिजलं हे त्यांना त्या बाकावर बसून कळत असे.

मग माकडं आली. माकडं आमच्याकडे आधीही होतीच, पण ती नारळ-केळी खाऊन जायची. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी वहिनी बाकावर एकट्याच घावणे खात बसल्या होत्या. एक थोराड माकड सरळ गडग्यावरून आलं आणि त्यांच्या मांडीवरची बशी घेऊन गेलं. त्या दचकून उठायला गेल्या आणि पडल्या. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. त्या दिवसापासून वहिनी खळ्यात आल्या नाहीत. दार लावून, खिडकीच्या गजाआड बसायला लागल्या. रस्त्याने जाणाऱ्यांना त्या दिसेनाशा झाल्या आणि हळूहळू लोक हाक मारायचेही थांबले.

भाऊंनी त्याच आठवड्यात मला गडग्याशी बोलावून सांगितलं, "मास्तरा, बंदूक घेवची लागतली. हिका तिचा खळा परत मेळाक होया." मी म्हटलं, उद्या जाऊ. तो उद्या तीन वर्षं चालला.

आता तुम्ही म्हणाल, माकडं पळवायला नुसती काठी रोखली तरी पुरते. पुरते, पण ती भाऊंनी रोखली तर. बाईमाणसाला माकडं जुमानत नाहीत, हे आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल. माझी बायको तर झालेल्या नुकसानीच्या यादीसकट सांगते. त्यामुळे काहीतरी आवाज करणारं खरंखुरं हत्यार हवं, इथपर्यंत भाऊंचं म्हणणं मला पटत होतं.

सुरुवात त्यांनी वनखात्याच्या कचेरीपासून केली. तिथे ते ठेवणीतलं शुद्ध मराठी बोलले. "छर्र्याच्या बंदुकीने वानरवर्गीय प्राण्यांना कितपत इजा करता येते, याबाबत मार्गदर्शन व्हावे." तिथल्या माणसाने सांगितलं की कितपतही नाही. माकडाला मारायचं नाही, डुकराला नाही, सशालाही नाही. शिकार हा गुन्हा आहे, तुम्ही आवाज करून हाकला. भाऊ म्हणाले, लेखी द्या. त्याने काही लेखी दिलं नाही, पण भाऊंनी घरी येऊन वहीत स्वतःच लिहिलं आणि खाली त्या माणसाच्या नावाची जागा मोकळी ठेवली. मग त्यांनी फणसाच्या फांदीला तेलाचा रिकामा डबा टांगला. बाकावर बसून डब्यावर छर्रा मारायचा, डबा वाजला की माकडं पळतील, जिवाला इजा नाही. बेत चांगला होता. फक्त बंदूक नव्हती.

बंदूक घ्यायची बातमी पसरली तसा भाऊंचा चुलतभाऊ बाबलो घाटाखालच्या वाडीतून मुद्दाम आला. त्याची काजूची बाग आहे आणि तिथे रानडुकरं धुडगूस घालतात. त्याला भाऊंच्या बंदुकीने डुक्कर मारून मटण खायचं होतं. तो सारखा जोराची, लांब पल्ल्याची, दुर्बीण लावलेली अशी बंदूक सुचवत राहिला. भाऊंनी त्याला दोन वाक्यांत वाटेला लावलं. ह्या छर्र्याने डुकराला खाज सुटते, म्हणाले, आणि खाजवायला ते तुझ्याकडेच येतं. वर तुरुंगात डबा पोचवायला मी येणार नाही. बाबलो जेवून गेला.

त्यानंतर माझ्या जुन्या गाडीतून आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. कणकवलीच्या दुकानात पहिल्याच दिवशी त्यांनी बसायला हात असलेली खुर्ची मागितली. दुकानदाराला वाटलं, म्हातारा दमला. भाऊ खुर्चीत बसले, उजवा हात मांडीवर टाकला, आणि डाव्या हाताने बंदूक उचलून बघितली. लाकडी दस्त्याची सुरेख बंदूक होती. "नग भिंतीवर लावूक बरो," असं म्हणून परत दिली. वजन जास्त.

ह्या स्वस्तातल्या बंदुकांची रीत अशी की नळी मधून मोडून खाली ओढायची. त्याने आतली स्प्रिंग दाबली जाते. मग छर्रा घालून नळी परत वर घ्यायची. भाऊ ते सगळं एका डाव्या हाताने करू बघायचे. दस्ता गुडघ्यांत धरायचा आणि नळी खाली दाबायची. निम्म्यावर येऊन ती परत वर जायची आणि भाऊ मान हलवायचे. दुकानदार सांगायचा, काका, दोन्ही हात लावा. भाऊ ऐकायचे नाहीत. त्याने एक पिस्तुल दाखवलं. आकाराने एवढंसं, पण त्याची नळी दाबायला तर आणखी जोर लागला. मग आधीच हवा भरून ठेवायची एक भारी बंदूक दाखवली. तिची नळी मोडावी लागत नाही, पण हवा भरायला वेगळा पंप आणि पंप मारायला वेगळा माणूस. "मगे त्या माणसाकच खळ्यात बसवतंय," असं म्हणून भाऊ उठले.

चार-पाच वेळा असं झाल्यावर आम्हाला बघून दुकानदार आतल्या खोलीत जाऊ लागला. मी त्याला दोष देत नाही. मलाही आतल्या खोलीत जावंसं वाटायचं. माझी खात्री झाली होती की ह्या माणसाला बंदूक घ्यायचीच नाही. त्याला नग बघायचे आहेत. आगार सुटलं, भांडार सुटलं, आता उरलेला जन्म हा दुसऱ्याच्या दुकानात नग पारखत काढणार, आणि गाडी माझी.

शेवटी बांद्याच्या बाजारात शेतीच्या अवजारांच्या एका दुकानात भाऊंना हवी तशी बंदूक सापडली. आखूड, हलकी, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची आणि किमतीलाही परवडणारी. भाऊंनी तिला कमरेजवळ धरलं, खुर्चीत बसून बघितलं, वास घेऊन बघितलं. मी मनातल्या मनात घरी पोचलोही. एवढ्यात भाऊंनी गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराच्या आईला विचारलं, "आये, जरा डाव्या हातान ही नळी मोडून बघतास?"

म्हातारी सत्तरीची. तिने आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कापणीचे कोयते बघायला लागलो. पण बाई सज्जन. तिने पदर खोचला, बंदूक गुडघ्यात धरली आणि दोनदा जोर लावला. नळी काही पुरी खाली आली नाही. भाऊंनी तिचे आभार मानले आणि बंदूक गल्ल्यावर ठेवली. नग बरो आसा, एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

परतीच्या वाटेवर मी भडकलो. झाराप आलं तसा सुटलो. वहिनी तीन वर्षं खिडकीत बसल्यात, म्हटलं, आणि तुम्ही परक्या म्हाताऱ्यांकडून नळ्या मोडून घेताय. तुम्हाला दोन्ही हात आहेत, तुम्हाला ही बंदूक सहज चालवता येते, मग अडलंय कुठे? भाऊंनी काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाले, "आता देवाकच इचारूया."

आमच्याकडे देवाला विचारतात म्हणजे खरोखर विचारतात. रवळनाथाच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. लग्न, जमीन, बोअरवेल, सगळं ह्या कौलावर ठरतं. बंदुकीचा कौल मात्र गावाने पहिल्यांदा ऐकला, म्हणून सोमवारी सकाळी देवळात पंचवीसेक माणसं जमली. कणकवलीची की बांद्याची, यावर पोरांच्या पैजा लागल्या होत्या. मीही बांद्याच्या बाजूने मत दिलं होतं.

गुरवाने कळे लावले आणि विचारलं, काय गाऱ्हाणं घालू, कुठली बंदूक? भाऊ म्हणाले, तसं नव्हे. पुढे झाले आणि गुरवाच्या कानात काहीतरी कुजबुजले. आता हा गुरव आणि त्याचा बाप आणि त्याचा आजा, सगळे जन्मभर खड्या आवाजात गाऱ्हाणी घालत आलेले. देवापुढे हळू बोलणं त्या घराण्यात कोणाला जमत नाही, आणि देवापुढे बोलायचं ते गावाने ऐकायचं अशीच रीत. हे भाऊंच्या लक्षात यायला हवं होतं. ते डोळे मिटून हात जोडून उभे होते आणि गुरवाने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! तुझा लेकरू जयराम आज तुझ्या पायाकडे इलासा. तेच्या काळजाचो आजार डॉक्टरान सांगलोसा. तो इचारता, तेच्या माघारी तेची घरवाली शालिनी, जिचो उजवो हात गेलोसा, ती खळ्यात एकटी, कोणाची वाट न बघता, न भियता बसात काय? व्हयत तर उजवो दी, नायत तर डावो दी, म्हाराजा."

गाऱ्हाण्यानंतर जमलेल्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. पैजा लावलेली पोरं जमिनीकडे बघायला लागली. मी तर झारापच्या रस्त्यावर काय काय बोललो होतो ते आठवून खांबाआड गेलो. तो डावा हात, ती खुर्ची, ती बांद्याची म्हातारी. हा माणूस स्वतःसाठी बंदूक बघतच नव्हता. स्वतः नसतानाची बघत होता. शेवटी कोणीतरी मागून हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मग सगळ्यांनी म्हटलं.

भाऊंनी डोळे उघडले. सगळ्या गावाने ऐकलं हे त्यांना कळलं होतं. उजवा कळा पडला. गुरव म्हणाला, देवाने दिलं. भाऊ पुढे वाकून तो कळा बघत राहिले आणि म्हणाले की हा जरा जास्त ओला होता, दुसरा लावून बघ. गुरवाने लावला नाही.

देवळापासून भाऊंचं घर अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. बातमीला तेवढा वेळ लागत नाही. आम्ही वळणावर आलो तर खळ्यात बाकावर वहिनी बसलेल्या. दार उघडं, चौपायी बाजूला, आणि फणसावर दोन माकडं. वहिनींचा चेहरा घामाने भिजला होता. भीतीने की रागाने, मला सांगता येणार नाही. दोन्हीने असावा.

"देवाक इचारूक गेलास," त्या म्हणाल्या. "काळजाचा माका सांगूक नाय, आणि देवाक सांगलास."

भाऊ खळ्याच्या कडेला उभे राहिले.

"आणि माझ्या माघारी तुमी खंय बसतलास, ता इचारलास?"

तीस वर्षांत भांडारात कुठला भाग नाही असं भाऊंनी कधी सांगितलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात. आता त्यांनी काठी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ता माझ्या ध्यानात येवक नाय," ते म्हणाले.

"उद्या जावन ती बांद्याची घेवन येवा. नळी तुमी मोडून देवा, घोडो मी ओढतंय. तुमी आसास तवसर तसाच करूया."

"आणि मगे?"

"मगेचा मगे."

वहिनींनी डाव्या हाताने बाकावरचा पाचोळा लोटून जागा केली. भाऊ जाऊन बसले. माकडं वरून बघत होती, ही दोघं खालून बघत होती, आणि कोणीच हलत नव्हतं. मला तिथे उभं राहायचं काही कारण उरलं नव्हतं. मी घरात गेलो आणि बायकोला म्हटलं, चहा ठेव, आज आपण दोघं खळ्यात बसून पिऊ.

ती म्हणाली, आज काय विशेष?

मी काही नाही म्हटलं आणि दोन खुर्च्या बाहेर नेऊन ठेवल्या.